हिशेब तिथेच मागा

सौदीत किंवा कुवेतमध्ये नोकरीला गेलेल्या कोकणातल्या माणसाच्या खोलीत शेजारच्या खाटेवर केरळचा, बिहारचा नाहीतर पाकिस्तानचा माणूस असतो. पण या कोकणी माणसाच्या इकाम्याची (राहण्याच्या परवान्याची) फाईल ज्याच्या टेबलावर पडलेली असते, पगारपत्रक ज्याच्या हातून पुढे सरकतं, तो हिशेबनीस किंवा मंदूब (कंपनीची सरकारी कामं करणारा प्रतिनिधी) पुष्कळदा इजिप्तचा निघतो. आपली माणसं त्याला 'मिसरी' म्हणतात आणि तो कंपनीचाच माणूस, असं धरून त्याच्यापासून चार हात लांब राहतात. वास्तविक तोही कुणा कफीलाच्या (प्रायोजक मालकाच्या) नावावरच आलेला असतो. त्याचाही इकामा संपतो, त्याचाही पगार थकतो आणि नोकरी गेली की त्यालाही बाडबिस्तरा गुंडाळावा लागतो. मात्र त्याला अरबी वाचता येतं, आणि परदेशात बुडालेल्या मजुरीचा त्याच्या देशाचा अनुभव दांडगा आहे. आखातात असलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या वाचकांना त्यातलं बरंच काही उचलता येईल.

इजिप्तच्या १९७१ च्या राज्यघटनेने नागरिकांना परदेशी जाण्याचा हक्क दिला आणि १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तसे तिथले शिक्षक, डॉक्टर, गवंडी, शेतमजूर लाखांनी बाहेर पडले. सौदी, कुवेत, लिबिया, इराक, जॉर्डन. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात परदेशातल्या इजिप्शियनांनी घरी पाठवलेली रक्कम ३६ अब्ज डॉलरांच्या वर गेली. सुएझ कालव्याच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट. एवढा पैसा येतो म्हटल्यावर सरकारही लक्ष घालतं. परदेशस्थ नागरिकांच्या देखभालीसाठी तिथे १९८३ चा १११ क्रमांकाचा कायदा आहे (आपला भारताचा उत्प्रवासन कायदाही नेमका १९८३ चाच). रियाध, कुवेत, दोहा, अम्मान अशा ठिकाणी इजिप्तच्या दूतावासांत कामगारांची वेगळी कचेरी असते. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९० मध्ये झाला, त्याला १९९३ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश इजिप्तच.

ऐकायला भारदस्त आहे. पण त्या कराराला सौदीने मान्यता दिलेली नाही, कुवेतने नाही, अमिरातीने नाही, कतारनेही नाही. भारतानेही नाही, म्हणजे त्या बाबतीत आपण तर आणखीच मोकळे. तेव्हा परदेशात तुमच्या कामाला येणारा कायदा हा जिथे राबता त्या देशाचा कामगार कायदा. तो पासपोर्टचा रंग पाहत नाही. खासगी कंपनीतल्या इजिप्शियन फोरमनला जो हक्क, तोच चिपळूणच्या फिटरलाही. अडचण हक्क नसण्याची फारशी नाहीच. तो वेळेत आणि कागदानिशी मागितला जात नाही, ही आहे.

कागदाचं महत्त्व इजिप्तच्या एका पिढीला इराकने शिकवलं. ऐंशीच्या दशकात इराणशी युद्ध चालू असताना इराकची तरणी माणसं आघाडीवर होती आणि त्यांच्या जागी शेतात, कारखान्यांत, बांधकामांवर इजिप्शियन मजूर होते. कमाई घरी पाठवायची तर इराकी बँकेत भरायची, बँक पिवळ्या रंगाची पावती देणार, आणि पैसे इजिप्तमधल्या बँकेत मिळणार. पुढे इराकची तिजोरी आटली, पैसे पोचेनासे झाले, आणि ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवरच्या आक्रमणानंतर सगळंच ठप्प झालं. कामगार जीव घेऊन घरी परतले, हातात पिवळी पावती. या 'पिवळ्या हवाल्यां'चा प्रश्न दोन दशकं लोंबकळला. अखेर २०११-१२ च्या सुमारास इराकने सुमारे ४० कोटी ८० लाख डॉलर दिले, तेही व्याजाविना, आणि सहा लाखांवर हवाल्यांचा निकाल लागला. तोवर कित्येक मूळ मालक वारले होते. बँकेच्या रांगेत त्यांचे वारस उभे होते. वीस वर्षांनी मिळालेल्या बिनव्याजी पैशाला न्याय म्हणायचं का, यावर इजिप्तमध्ये वाद झाला आणि तो रास्तच होता. पण रोखीने मजुरी घेऊन कुठलीच नोंद न ठेवणाऱ्याला तेवढंही मिळणं शक्य नव्हतं.

आता तुमच्याकडे वळू. सुरुवात व्हिसापासून.

'आझाद व्हिसा' नावाची गोष्ट कायद्यात कुठेही नाही. कुणा स्थानिक माणसाच्या नावावर व्हिसा काढायचा, त्याला दरमहा किंवा दरसाल पैसे मोजायचे आणि काम दुसरीकडेच शोधायचं, असा हा धंदा. इजिप्तच्या खेड्यांतही तो असाच चालतो, आणि जॉर्डनमध्ये शेतीच्या परवान्यावर येऊन बांधकामावर राबणारे इजिप्शियन त्यापायी वारंवार पकडले जातात. व्हिसा एकाचा, काम दुसऱ्याकडे, म्हणजे पगार थकला तरी तक्रार कुणाविरुद्ध करणार? तीच गत घरगुती ड्रायव्हरच्या किंवा 'आमिल मंझिली' (घरकामगार) व्हिसावर जाऊन दुकानात बसणाऱ्यांची. सौदीत घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना मुख्य कामगार कायदा लागू होत नाही. त्यांचे नियम वेगळे आणि संरक्षण तोकडं. व्हिसावर जो हुद्दा लिहिलेला असेल तो वाचा, समजत नसेल तर विचारा. पुढचे सगळे हक्क त्या एका शब्दावर उभे असतात.

पैसे कुणी भरायचे हेही ठरलेलं आहे. सौदी कामगार कायद्याच्या ४० व्या कलमानुसार कामगार आणण्याचा खर्च, इकाम्याची आणि कामाच्या परवान्याची फी, त्यांचं नूतनीकरण, उशिराचा दंड, आणि करार संपल्यावर परतीचं तिकीट हे सारं मालकाकडे. अमिरातीतही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. भारतातला नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावती देऊन. 'साहेब, दीड लाख लागतील, वर पोचवावे लागतात' असं म्हणणारा माणूस काय करतो आहे ते यावरून ओळखा. एजंटचा परवाना क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. पासपोर्टवर ईसीआरचा (उत्प्रवासन तपासणी आवश्यक) शिक्का असेल तर सौदी, अमिराती, कुवेत, कतार, जॉर्डनसह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी उत्प्रवासन परवानगी लागते. ती चुकवण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याला तिथेच हात जोडा.

आणि कोऱ्या कागदावर सही नाही. इजिप्तच्या खेड्यांत दलाल 'ईसाल अमाना' लिहून घेतात: अमुक रक्कम विश्वासाने ठेवायला दिली होती, अशी पावती, रकमेची जागा कोरी. ती मोडली की मामला थेट फौजदारी. इटलीला मुलगा पाठवायचा म्हणून बापाने अशी पावती लिहून दिली आणि नंतर घरदार गेलं, अशी उदाहरणं नाईलच्या मुखाकडच्या जिल्ह्यांत कमी नाहीत. सौदीत तसाच 'सनद लि-अम्र' असतो, म्हणजे वचनचिठ्ठी. तिच्यावर खटला चालवावा लागत नाही, वसुलीच्या न्यायालयात थेट अंमलबजावणी होते. 'कंपनीची पद्धत आहे' म्हणून पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात हा एक कागद सहज मिसळलेला असू शकतो.

करार हा या सगळ्याचा कणा. आखाती देशांत वाद झाला की करारातला अरबी मजकूर प्रमाण धरतात, शेजारचा इंग्रजी फक्त सोयीसाठी. मुंबईत दाखवलेला इंग्रजी करार आणि तिथे पोचल्यावर सही घेतलेला अरबी करार यांत पगाराचा आकडा वेगळा निघणं ही जुनी चाल आहे. हल्ली तिला थोडा आळा बसला आहे. सौदीत करार 'किवा' या सरकारी पोर्टलवर चढतो आणि कामगाराने स्वतः मान्य केल्याशिवाय पक्का होत नाही. कतारला जाणाऱ्यांचा करार भारतातच, मुंबईसह सात शहरांतल्या कतार व्हिसा केंद्रांत, सही होतो. अमिरातीत आधीचं ऑफर लेटर आणि नंतरचा करार जुळावा लागतो. तरीही अरबी मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्याच. इथे तुमचा मिसरी सहकारी उपयोगी पडतो. विचारणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाही, चहा मात्र पाजावा लागतो.

वाचताना सगळ्यात आधी मूळ पगार पाहा. एकूण आकड्यावर खूश होऊन लोक मूळ पगाराकडे बघतच नाहीत. समजा अमिरातीत तुमचा एकूण पगार ३,००० दिरहम आहे आणि तुम्ही सहा वर्षं काम केलंत. तिथली सेवा-अखेर ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे वर्षाला ३० दिवसांचा. मूळ पगार १,५०० आणि बाकी भत्ते असतील, तर रोजचे ५० दिरहम धरून पहिल्या पाच वर्षांचे ५,२५० आणि सहाव्याचे १,५००, मिळून ६,७५०. मूळ पगार २,४०० लिहिलेला असता तर हीच रक्कम १०,८०० झाली असती. महिन्याला हातात तेवढेच पैसे, शेवटी मात्र चार हजारांवर फरक, आणि तो पडला सही केली त्या दिवशी.

सौदीत हिशेब निराळा. तिथे शेवटच्या पूर्ण पगारावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी अर्धा महिना आणि त्यानंतर पूर्ण महिना. ३,००० रियाल पगार असलेल्याला सहा वर्षांचे १०,५०० रियाल. पण राजीनामा स्वतःहून दिलात तर कात्री लागते: दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला एक तृतीयांश, पाच ते दहाला दोन तृतीयांश, दहाच्या पुढे पूर्ण. म्हणजे वरच्या माणसाने राजीनामा दिला तर ७,०००. एखादा मालक माणसाला हैराण करून राजीनामा लिहायला का लावतो, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. अमिरातीत २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने राजीनाम्याची कपात काढून टाकली. कुवेतमध्ये ती अजून आहे. पाच वर्षं पुरी व्हायला दोन महिने उरले असताना रागाच्या भरात राजीनामा खरडू नका, कॅलेंडर बघा.

नोकरी चालू असताना काय सांभाळायचं? पासपोर्ट तुमच्याकडेच राहिला पाहिजे. तो मालकाने ठेवून घेणं अमिरातीत, कतारमध्ये, सौदीत बेकायदा आहे. निदान त्याचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो घरच्यांच्या फोनवर असू द्या. पगार बँकेतूनच घ्या. सौदी आणि अमिरातीत पगार सरकारी वेतन-संरक्षण यंत्रणेतून जातो, त्यामुळे तो थकला की नोंद आपोआप राहते. 'या महिन्यात रोख घे, पुढच्या महिन्यात बँकेत टाकतो' हे ऐकायला सोयीचं, पण त्या महिन्याचा पुरावा गेला. ओव्हरटाइमचे तास स्वतःच्या वहीत लिहा, तारीख आणि साइटचं नाव घालून. उन्हाळ्यात भर दुपारच्या उघड्यावरच्या कामाला बंदी असते: अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन; कतारमध्ये १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत, सकाळी दहा ते साडेतीन. या वेळात साइटवर उभं केलं तर फोटो काढा, वेळ दिसेल असा.

मालक बदलायचा असेल तर नुसतं निघून जाऊ नका. न सांगता दुसरीकडे कामाला लागलेल्या माणसावर मालक 'हुरूब' लावतो, म्हणजे पळून गेल्याची नोंद. एकदा हुरूब लागला की तुमचीच बाजू लंगडी पडते. तीन महिन्यांचा थकलेला पगार राहतो बाजूला आणि तुम्ही गुन्हेगार ठरता. सौदीत मार्च २०२१ पासून पहिलं वर्ष पुरं झाल्यावर, रीतसर नोटीस देऊन, मालकाच्या संमतीविना बदली घेता येते. सलग तीन महिने पगार मिळाला नसेल, इकामा संपूनही नूतनीकरण झालं नसेल, किंवा येऊन तीन महिने झाले तरी करार नोंदवला नसेल, तर वर्षाचीही वाट पाहायला नको. कतारने २०२० मध्ये ना-हरकत दाखल्याची अट काढली. कुवेत मात्र उलट दिशेने गेलं: १ जुलै २०२५ पासून खासगी कंपनीतल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर जाताना मालकाची परवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. घरी कुणी आजारी असलं तरी. तिथे असाल तर ही अट लक्षात ठेवूनच तिकीट काढा.

नोकरी संपवून निघतानाचा टप्पा सर्वांत घातक, कारण तोवर माणूस थकलेला असतो आणि त्याला फक्त घर दिसत असतं. दुपारी बोलावणं येतं. टेबलावर पासपोर्ट, 'खुरूज' (कायमचं देश सोडण्याचा व्हिसा) लागलेला, रात्रीच्या विमानाचं तिकीट आणि एक अरबी कागद. मंदूब पेन पुढे करतो. तो कागद 'मुखालसा': माझं सगळं येणं मला मिळालं, कंपनीकडे काही बाकी नाही. पैसे? 'अकाउंटला जमा होतील, इन्शाल्ला.' अरबी वाचता येणारे इजिप्शियनसुद्धा इथे सही करून बसतात, कारण पासपोर्ट समोर दिसत असतो. सौदी कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे करार चालू असताना कामगाराने सोडलेला हक्क ग्राह्य धरत नाहीत. पण करार संपल्यावर दिलेली मुखालसा फार अंगलट येते. करता येण्यासारखं एवढंच: आधी खात्यात रक्कम, मग सही. रक्कम कमी असेल तर कागदावरच 'इतके मिळाले, इतके बाकी' असं लिहून सही करा, मराठीत लिहिलं तरी चालेल, आणि कागदाचा फोटो घ्या. सौदीत मालकाने काढून टाकलं तर एका आठवड्यात आणि तुम्ही सोडलंत तर दोन आठवड्यांत हिशेब चुकता करायचं बंधन आहे. अमिरातीत १४ दिवस. विमान एक दिवसात पकडायची सक्ती कायद्यात नाही, ती कंपनीची घाई असते.

तक्रार करायची तर मुदत पाहून. सौदीत नोकरी संपल्यापासून १२ महिने, कुवेतमध्ये एक वर्ष, अमिरातीत २०२४ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षं. सौदीत अर्ज आधी मनुष्यबळ मंत्रालयाच्या समझोता कक्षाकडे जातो, ज्याला आपली माणसं अजून 'मक्तब अमल' म्हणतात. तिथे २१ दिवसांत जमलं नाही तर कामगार न्यायालयात. अमिरातीत ५० हजार दिरहमांपर्यंतच्या दाव्याचा निर्णय २०२४ पासून मंत्रालयच देतं, आणि एक लाखाच्या आतल्या दाव्याला कोर्ट फी नाही. तेव्हा 'कोर्टकचेरी आपल्याला परवडणार नाही' हे ऐकीव वाक्य सोडून द्या.

तक्रार देशात असतानाच नोंदवा. घरी परतून दूतावासाला पत्रं लिहिणाऱ्याचं काम दसपट अवघड होतं. २०१६ मध्ये तेलाच्या मंदीने सौदीतल्या बड्या बांधकाम कंपन्या बसल्या आणि हजारो भारतीय कामगार महिनोन्महिने पगाराविना छावण्यांत अडकले, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीही त्यांना हेच सांगितलं होतं: येणं किती ते लिहून नोंदवा, मग परता. निघणं भागच असेल तर विश्वासू सहकाऱ्याच्या किंवा वकिलाच्या नावे 'वकाला', म्हणजे मुखत्यारपत्र, करून ठेवा आणि तक्रारीचा क्रमांक जवळ ठेवा. भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार घाला. दुबई, रियाध आणि जेद्दाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रांत फुकट सल्ला मिळतो. दूतावास तुमचा खटला लढणार नाही. पण दुभाषा, वकिलाचं नाव, अडचणीत तिकीट, एवढं दूतावासाच्या कल्याण निधीतून होऊ शकतं.

विम्याचं राहिलं. सौदीत परदेशी कामगाराच्या पगाराच्या दोन टक्के रक्कम मालकाने सामाजिक विमा संस्थेत भरायची असते, कामावरच्या अपघातासाठी. तुमची नोंद आहे ना, ते पाहा, कारण अपघात झाल्यावर ते कळून उपयोग नसतो. इजिप्तमध्ये परदेशी काम करणाऱ्याला मायदेशाच्या पेन्शन योजनेत स्वतः हप्ते भरून राहता येतं, ती सोय २०१९ च्या कायद्यातही कायम ठेवली आहे. अशी सोय का हवी, ते आपत्तीत कळतं: सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातल्या दर्ना शहरात पूर आला तेव्हा बेनी सुएफ जिल्ह्यातल्या एकाच गावचे सत्तरच्या वर इजिप्शियन मजूर दगावले. आपल्याकडे ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये. एजंट पहिल्यांदा ती काढून देतो. करार वाढला, माणूस तिथेच राहिला, की पॉलिसीची मुदत उलटून जाते आणि कुणाला आठवतही नाही. नूतनीकरण तिथूनच ऑनलाइन होतं. वारसाचं नाव त्या व्यक्तीच्या आधार कार्डावर आहे तसंच, स्पेलिंगसकट, घाला आणि पॉलिसीची एक प्रत घरी पाठवून द्या.